कर्नल फझिंगमधलं कव्हरेज गाळताना: सोळा दिवसांची नोंद

लिनक्स कर्नलचा एकच कोपरा फझ करायचा होता, म्हणजे आपोआप बनवलेलं वेडंवाकडं इनपुट देऊन त्यातल्या चुका शोधायच्या होत्या: नेट/शेड ही डिरेक्टरी. बाहेर जाणाऱ्या पॅकेटांच्या रांगा, त्यांचं वर्गीकरण आणि त्यांच्यावर होणाऱ्या क्रिया यांचा कोड तिथे असतो. साधन सिझकॉलर, म्हणजे सिस्टिम कॉलचे छोटे प्रोग्राम बनवून कर्नलवर चालवत राहणारा फझर. अख्खा कर्नल फझ करण्याची मांडणी त्यात तयार मिळते. एकाच भागावर भर द्यायचा तर कव्हरेज (कर्नलचा कुठला कोड चालला याची नोंद) गाळावं लागतं, आणि गाळणी नेमकी कुठे बसवायची या एका प्रश्नात पहिला आठवडा गेला. हेच काम हाती घेणाऱ्यांना निदान हा आठवडा वाचावा म्हणून घडलं त्या क्रमाने लिहीत आहोत.

पहिला दिवस: बिल्ड

कव्हरेज गोळा करतो केकॉव्ह. तो कर्नलमध्ये ४.६ आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून आहे आणि त्याला जीसीसी ६ किंवा त्यापुढचा कंपाइलर, नाहीतर क्लँग लागतो. कंपाइलर प्रत्येक बेसिक ब्लॉकमध्ये (मध्ये फाटा नसलेल्या सलग सूचनांच्या तुकड्यात) एका छोट्या फंक्शनचा कॉल पेरतो. ते फंक्शन आपला परतीचा पत्ता चालू टास्कच्या बफरमध्ये लिहितं. यूजरस्पेसमधला प्रोग्राम डीबगएफएसमधली केकॉव्ह फाइल उघडतो, बफरचा आकार सांगतो, तो मेमरीत मॅप करतो, नोंद सुरू करतो आणि सिस्टिम कॉल चालवतो. बफरच्या पहिल्या शब्दात किती पत्ते जमले तो आकडा असतो, पुढे ओळीने पत्ते. बफर भरला की पुढचे पत्ते गुपचूप गळतात, कुठलीही चूक दाखवली जात नाही. कर्नलच्या दस्तऐवजातल्या नमुना प्रोग्राममध्ये ६५,५३६ नोंदींचा बफर आहे, म्हणजे ६४-बिट यंत्रावर ५१२ केबी. स्वतःचं साधन लिहिणाऱ्यांनी पहिला शब्द बफरच्या टोकाला टेकलाय का हे प्रत्येक वेळी तपासावं.

कॉन्फिगमध्ये हे पर्याय चालू केले: केकॉव्ह, केकॉव्ह इन्स्ट्रुमेंट ऑल, केकॉव्ह एनेबल कम्पॅरिझन्स, डीबगएफएस, ड्वार्फ डीबग माहिती, आणि केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारी तपासणी) त्याच्या इनलाइन प्रकारासह. रँडमाइझ बेस बंद केला, म्हणजे बूटगणिक पत्ते हलत नाहीत. नेट/शेडमधले क्यूडिस्क (रांगा), क्लासिफायर (वर्गीकरण) आणि अ‍ॅक्शन यांचे पर्याय एकेक करून 'एम'वरून (वेगळं मॉड्यूल) 'वाय'वर (कर्नलमध्येच) आणले. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. मॉड्यूल कुठल्या पत्त्यावर लोड होईल याचा भरवसा नसतो, आणि पत्त्यांवर चालणाऱ्या गाळणीला तेच सगळ्यात जास्त नडतं.

इथे पहिला मोह आला. इन्स्ट्रुमेंट ऑल बंद ठेवायचा आणि नेट/शेडच्या मेकफाइलमध्ये 'केकॉव्ह_इन्स्ट्रुमेंट := वाय' ही एक ओळ घालायची. मग पेरणी तेवढ्याच कोडमध्ये होते आणि कर्नल वेगाने चालतो. केकॉन्फिगच्या मदतमजकुरातही हा मार्ग दिलेला आहे: सर्वसाधारण सिस्टिम कॉल फझिंगसाठी सगळ्या कर्नलमध्ये पेरणी ठेवा, एखाद्या फाइल सिस्टिमवर एएफएल हा फझर चालवण्यासारखं नेमकं काम असेल तर ठरावीक फाइलींपुरती. आम्ही तो घेतला नाही. बिल्डच्या वेळी गाळलेला पत्ता पुन्हा कधीच दिसत नाही. नेट/शेडपर्यंत पोचायच्या वाटेवर फझर कुठे अडकला हे त्या कर्नलवर कळणारच नाही, आणि गाळणी बदलायची म्हटली की दर वेळी नवा बिल्ड. पुढे सहाव्या दिवशी जे झालं ते या निर्णयामुळेच उलगडलं.

काही गाळणी मात्र कर्नलने स्वतःच बिल्डच्या वेळी केलेली आहे, ती ओळखीची असावी. केकॉव्हची पेरणी शेड्युलर, लॉकिंग आणि आरसीयू (कुलूप न लावता वाचू देणारी यंत्रणा) यांच्या डिरेक्टऱ्यांमध्ये सरसकट बंद आहे. मेमरी विभागात स्लब, पेज अ‍ॅलोक आणि मेमकंट्रोल यांसारख्या फाइलींनाही वगळलं आहे. कारण मेकफाइलमध्येच टिपलेलं आहे: या फाइलींचं कव्हरेज डळमळीत असतं आणि ते सिस्टिम कॉलला दिलेल्या इनपुटवर ठरत नाही. स्वतःची गाळणी आखताना हाच निकष वापरावा.

दुसरा आणि तिसरा दिवस: गाळणीशिवाय एक रात्र

क्यूईएमयूच्या ४ व्हर्च्युअल मशीन, प्रत्येकी २ सीपीयू आणि २,०४८ एमबी मेमरी. म्हणजे ८ जीबी मशीनांनाच गेली. मॅनेजरला (मशीनांना काम वाटणाऱ्या सिझकॉलरच्या मुख्य प्रोग्रामला) वेगळी मेमरी लागते, आणि डीबग माहितीसकट व्हीएमलिनक्स (बिल्ड झालेल्या कर्नलची फाइल) वाचून कव्हरेजचा अहवाल बनवताना तो बरीच खातो. १६ जीबीच्या यंत्रावर अहवाल उघडताना एकदा एक मशीन मेलं, तेव्हापासून अहवाल काढण्याआधी मशीनांची संख्या कमी करतो.

पहिली रात्र कुठल्याही गाळणीशिवाय चालवली. ही रात्र वाया गेली असं वाटू शकतं. पण तुलनेसाठी आधार नसेल तर गाळणीने फायदा झाला की तोटा, हे नंतर कशाच्या जोरावर सांगणार?

सकाळी कॉर्पस, म्हणजे उपयोगी ठरलेल्या प्रोग्रामांचा साठा, उघडला. बहुतेक प्रोग्रामांचा नेट/शेडशी काही संबंध नव्हता. यात आश्चर्य नाही. सिझकॉलरच्या दृष्टीने कर्नलमध्ये कुठेही मिळालेला नवा सिग्नल (नवा कोड चालल्याची खूण) सारखाच मोलाचा. फाइल सिस्टिममध्ये एखादा नवा ब्लॉक लागला की तो प्रोग्राम कॉर्पसमध्ये जातो आणि पुढे त्याचेच फेरफार होत राहतात. आपल्या कोपऱ्याच्या वाट्याला उरतो तो फार छोटा हिस्सा.

स्वस्तातली पहिली गाळणी कव्हरेजची नसून कॉलची आहे: 'एनेबल_सिस्कॉल्स'. नेटलिंक (कर्नलशी संदेशांनी बोलायची सोय) राउट सॉकेट उघडणारे, त्यावर क्यूडिस्क, क्लास, फिल्टर आणि अ‍ॅक्शनचे संदेश पाठवणारे, आणि प्रत्यक्ष पॅकेट सोडणारे कॉल तेवढे ठेवले. पॅकेट सोडणारे कॉल विसरू नका. ते नसतील तर रांगा बनतात आणि मोडतात, पण त्यांत काही शिरतच नाही. मात्र कॉलच्या यादीवर काम भागत नाही. नेटलिंकवरचा एक संदेश पाठवतानासुद्धा मेमरी मिळवणं, सॉकेट बफर, परवानगीची तपासणी, नेमस्पेस अशा बऱ्याच कोडमधून जावं लागतं.

चौथा दिवस: डळमळीत पत्ते

गाळणी लिहिण्याआधी आवाज किती आहे ते पाहिलं. कॉर्पसमधले निवडक प्रोग्राम मशीनमध्ये नेऊन सिझकॉलरच्या सिझ-एक्झेकप्रॉग या साधनाने प्रत्येकी १० वेळा चालवले, एकच प्रोसेस ठेवून, कव्हरेज फाइलमध्ये लिहायला सांगून. प्रत्येक फेरीतले पत्ते क्रमाने लावले, एका फेरीतली पुनरावृत्ती काढली आणि मोजणी केली. दहाही फेऱ्यांत आलेला पत्ता स्थिर. त्याहून कमी वेळा आलेला डळमळीत.

डळमळीत पत्त्यांची कारणं काही ठरावीकच निघाली. पहिल्या फेरीत कॅश थंड असते, म्हणून वेगळी वाट लागते. लॉकसाठी थांबावं लागलं तर संथ वाट. हॅश टेबलमध्ये टक्कर झाली तर एखादा जास्तीचा फेरा. मागच्या प्रोग्रामने मागे ठेवलेली अवस्था. इंटरप्टमध्ये चाललेला कोड या यादीत सहसा येत नाही, कारण केकॉव्ह चालू टास्कच्या संदर्भातलेच पत्ते नोंदवतो. इथे एक बारकावा आहे. बॉटम हाफ (इंटरप्टनंतर उरकायचं काम) नुसता बंद केलेला असेल तर तो कोड टास्कचाच धरला जातो आणि नोंदवला जातो. सॉफ्टआयआरक्यू (ते काम चालवणारी यंत्रणा) प्रत्यक्ष चालू असेल तर नोंद होत नाही. त्यामुळे पॅकेट पाठवताना त्याच टास्कमध्ये रांग उपसली गेली तर ती दिसते. तेच काम नंतर सॉफ्टआयआरक्यूने केलं तर दिसत नाही.

सिझकॉलर नवा सिग्नल मिळाल्यावर तो प्रोग्राम आणखी काही वेळा चालवून सिग्नलचा टिकाऊ भाग तेवढा ठेवतो. म्हणजे डळमळीत पत्ते कॉर्पसमध्ये फारसे शिरत नाहीत. पण त्या प्रत्येक खोट्या आशेमागे कित्येक फेऱ्या खर्ची पडतात. गाळणीचा एक मोठा फायदा हाच की लक्ष्याबाहेरच्या डळमळीत पत्त्यांपायी या फेऱ्या जात नाहीत.

पाचवा दिवस: पहिली गाळणी

सिझकॉलरच्या कॉन्फिगमध्ये 'कॉव्ह_फिल्टर' या किल्लीखाली तीन याद्या देता येतात: फाइली, फंक्शनं आणि पीसी (कोडचे पत्ते). पहिल्या दोन रेग्युलर एक्स्प्रेशनच्या. तिसरीत पत्त्यांच्या फाइलींची नावं, एका ओळीला एक पत्ता. आम्ही फाइलींच्या यादीत 'नेट/शेड/' घातलं, फंक्शनांच्या यादीत काही नावं घातली, आणि मॅनेजर सुरू केला.

सुरू व्हायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. गाळणी असली की मॅनेजरला फझिंगच्या आधीच व्हीएमलिनक्सची चिन्हं आणि डीबग माहिती वाचावी लागते. काही मिनिटं स्क्रीन गप्प राहते, ते बिघडल्याचं लक्षण नाही. त्यानंतर प्रत्येक एक्स्प्रेशनला काय काय जुळलं याची यादी लॉगमध्ये उमटली, आणि शेवटी काही फिल्टर कशालाच जुळत नाहीत अशी तक्रार करून मॅनेजर थांबला.

कारणं शोधायला अर्धा दिवस गेला. ती इथे देतो.

जीसीसी ऑप्टिमायझेशन करताना स्थानिक फंक्शनांच्या नावापुढे शेपट्या लावतो: आयएसआरए, कॉन्स्टप्रॉप, पार्ट, कोल्ड, आणि पुढे आकडा. आम्ही नावाच्या शेवटी डॉलर चिन्ह लावून एक्स्प्रेशन बंद केलं होतं, त्यामुळे शेपटीचं फंक्शन निसटलं. नावापुढे ऐच्छिक टिंब आणि शेपूट मान्य करणारं एक्स्प्रेशन लिहा.

इनलाइन झालेल्या फंक्शनला स्वतःचं चिन्हच उरत नाही. त्याचे पत्ते ज्या फंक्शनात ते मिसळलं त्याच्या नावावर जातात. असं नाव फंक्शनांच्या यादीत कधीच जुळणार नाही. फाइलींच्या यादीचंही तसंच: जुळणी कंपाइल झालेल्या सी फाइलीच्या नावाशी होते, म्हणून हेडर फाइलीचं नाव दिल्यास काहीही मिळत नाही.

सुरुवातीचं कॅरेट चिन्ह गाळलं तर एक्स्प्रेशन मार्गात कुठेही जुळतं. 'नेट/' एवढंच लिहिलं तर 'ड्रायव्हर्स/नेट/'सुद्धा आत येतं, आणि तो कोड प्रचंड आहे. टिंबाआधी उलटी तिरकी रेघ द्यायची राहिली तर टिंब कुठल्याही अक्षराला जुळतं. एक्स्प्रेशनचं इंजिन गो भाषेचं असल्याने पुढचं-मागचं डोकावून पाहणारी बांधणी त्यात चालत नाही.

लॉगमधली जुळलेल्या नावांची ती यादी पूर्ण वाचा. एक्स्प्रेशन काहीतरी जुळवतंय एवढ्याने मॅनेजरचं समाधान होतं. नको ते जुळतंय का, हे आपल्यालाच पाहावं लागतं.

सहावा ते आठवा दिवस: सपाट आलेख

हे तीन दिवस सगळ्यात जड गेले. गाळणी लागली, मॅनेजर आनंदाने चालू, प्रति सेकंद फेऱ्यांचा आकडा चांगला, आणि गाळलेल्या कव्हरेजचा आलेख पहिल्या काही तासांनंतर आडवा. दुसऱ्या दिवशीही आडवा. काहीतरी मुळातच चुकलंय हे दिसत होतं, पण नेमकं काय ते सुचत नव्हतं.

आधी एक्झिक्युटरमध्ये (मशीनमध्ये प्रोग्राम चालवणाऱ्या भागात) गाळणी कशी चालते ते वाचलं. सिझकॉलर सिग्नल म्हणून नुसता पत्ता वापरत नाही, कड, म्हणजे लागोपाठच्या दोन पत्त्यांची जोडी, वापरतो. चालू पत्त्यात आधीच्या पत्त्याच्या खालच्या १२ बिटांचा हॅश मिसळला जातो. म्हणजे एकाच ब्लॉकमध्ये दोन वेगळ्या ठिकाणांहून आल्यास दोन सिग्नल मिळतात. गाळताना नियम असा की चालू आणि आधीचा, दोन्ही पत्ते गाळणीबाहेर असतील तरच ती कड टाकायची. त्यामुळे लक्ष्यात शिरणारी आणि लक्ष्यातून बाहेर पडणारी कड शाबूत राहते. फार नेमका विचार आहे हा. हद्दीवरची माहिती गेली असती तर आत कुठल्या वाटेने आलो हेच हरवलं असतं.

पण हद्दीच्या एक पाऊल अलीकडचं मात्र काहीच राहत नाही, आणि आमची अडचण तिथेच होती. नेटलिंकचा संदेश नेट/शेडमध्ये शिरण्याआधी त्याची रचना तपासली जाते. काही तपासणी नेट/कोअरमधल्या आरटीनेटलिंकमध्ये होते, अ‍ॅट्रिब्यूटांची मांडणी लिब/एनएलअ‍ॅट्रमध्ये पारखली जाते. अ‍ॅट्रिब्यूटची लांबी चुकली की संदेश एनएलअ‍ॅट्रमधूनच परत फिरतो. गाळणी नसताना अशा अर्धवट यशाला बक्षीस मिळतं: एक तपासणी पार केलेला प्रोग्राम कॉर्पसमध्ये राहतो आणि पुढचा फेरफार तिथून सुरू होतो. आमच्या गाळणीने या सगळ्या पायऱ्या काढून घेतल्या होत्या. पहिली तपासणी पार केलेला आणि पाचवी पार केलेला, दोन्ही प्रोग्राम फझरला सारखेच निरुपयोगी दिसत होते.

हे सिद्ध कसं केलं ते सांगतो, कारण कृती कुठेही वापरता येईल. गाळणी फक्त सिग्नलला लागते, नोंदलेलं कच्चं कव्हरेज गाळलं जात नाही. आणि आमच्या कर्नलमध्ये पेरणी सगळीकडे होती. मग एक अयशस्वी प्रोग्राम एक्झेकप्रॉगने चालवला आणि पत्त्यांची फाइल घेतली. पत्ते अ‍ॅडर-टू-लाइनमधून ओळींमध्ये बदलले आणि शेवटचा टप्पा पाहिला. संदेश कुठल्या ओळीवरून परतला ते स्पष्ट दिसलं. इथे एक खबरदारी: केकॉव्ह परतीचा पत्ता देतो, म्हणजे कॉलच्या पुढच्या सूचनेचा. तसाच दिला तर पुष्कळदा शेजारची ओळ, कधी कधी वेगळीच शाखा दिसते. एक्स८६-६४ वर कॉलची सूचना ५ बाइटची असते म्हणून ५ वजा करायचे, एआरएम६४ वर ४. सिझकॉलरचा अहवाल हे आपोआप करतो. स्वतःची स्क्रिप्ट लिहिणारे हमखास इथे चुकतात.

उपाय दोन पायऱ्यांनी केला. आधी वाट गाळणीत घेतली: एनएलअ‍ॅट्र आणि आरटीनेटलिंकच्या फाइली, शिवाय नेट/कोअरमधलं पॅकेट रांगेकडे नेणारं फंक्शन. आलेख त्याच संध्याकाळी हलला. तीन दिवसांनी ती रेघ वर जाताना पाहून जे वाटलं ते इथे मांडता येणार नाही.

या उपायाला किंमत आहे. एनएलअ‍ॅट्र कुणाच्या वतीने चाललंय हे गाळणीला कळत नाही. प्रत्येक नेटलिंक कुटुंब तेच वापरतं. तरी कॉलची यादी आधीच आवळलेली असल्याने बाहेरचा भरणा फार झाला नाही. दोन गाळण्या एकमेकींना अशा सावरतात.

दुसरी पायरी वजनांची. सिझकॉलरच्या अलीकडच्या आवृत्त्यांत 'कॉव्ह_फिल्टर' मागे पडून 'फोकस_एरियाज' आलं आहे. यात अनेक भाग सांगता येतात, प्रत्येकाला आपली गाळणी आणि आपलं वजन. एखाद्या भागातला प्रोग्राम निवडला जाण्याची शक्यता निदान त्याचं वजन भागिले सगळ्या वजनांची बेरीज इतकी असते. गाळणी रिकामी ठेवून नुसतं वजन दिलं तर तो भाग म्हणजे उरलेला सगळा कर्नल. असा रिकामा भाग दिलाच नाही, तर कुठल्याच गाळणीत न बसणारा कोड पूर्वीसारखाच दुर्लक्षिला जातो. आम्ही नेट/शेडला ८, वाटेला १ आणि उरलेल्या कर्नलला १ दिलं. बेरीज १०, म्हणजे दहातल्या किमान आठ निवडी लक्ष्यातल्या. बाकीचं जग पूर्ण बंद न होता मंद होतं. आज नव्याने सुरुवात करायची असती तर आम्ही थेट इथूनच केली असती.

नववा दिवस: हरवलेला कॉर्पस

तुलनेसाठी पहिल्या रात्रीचा कॉर्पस पुन्हा लावायला गेलो, तर कॉर्पस.डीबी आक्रसलेली होती. पहिल्या रात्रीचे बहुतेक प्रोग्राम तिच्यात नव्हते.

झालं होतं ते असं. मॅनेजर सुरू होताना साठवलेले प्रोग्राम पुन्हा चालवून पाहतो. सगळ्यांची फेरतपासणी झाली की ज्यांच्याकडून सिग्नल मिळाला नाही ते फाइलीतून काढून टाकतो. गाळणी लावल्यावर लक्ष्याबाहेरच्या प्रोग्रामांचा सिग्नल शून्य, म्हणून ते गेले. नियमाप्रमाणे योग्यच. आमच्यासाठी मात्र एका रात्रीचं काम पुसलं गेलं, आणि आधाराची ती रात्र पुन्हा चालवावी लागली. फार वाईट वाटलं, कारण कॉपी घ्यायला दहा सेकंद पुरले असते.

गाळणीत एक अक्षर बदलण्याआधीसुद्धा मॅनेजर थांबवा आणि कॉर्पस.डीबीची कॉपी घ्या. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक गाळणीला वेगळी वर्कडिर (कामाची डिरेक्टरी).

दहावा ते बारावा दिवस: लाल राहिलेलं फंक्शन

अहवालात काळ्या ओळी चाललेल्या, लाल न चाललेल्या आणि करड्या पेरणी नसलेल्या. फ्लॉवर क्लासिफायरच्या फाइलीत फिल्टर बनवणारा कोड काळा झाला होता, पण फिल्टर नष्ट करणारं 'एफएल_डिस्ट्रॉय_फिल्टर_वर्क' ठार लाल. कॉर्पसमध्ये फिल्टर पुसणारे प्रोग्राम तर भरपूर.

आधी गाळणीवर संशय घेतला. मॅनेजरच्या वेब पानावर 'फिल्टरपीसीज' नावाची यादी मिळते, तिथे या फंक्शनाचे पत्ते होते. म्हणजे गाळणी बरोबर. मग मशीनमध्ये फंक्शन ट्रेसर लावून एक प्रोग्राम चालवला. फंक्शन चालत होतं, पण केवर्करमध्ये, म्हणजे कर्नलच्या पार्श्वभूमीतल्या टास्कमध्ये. फिल्टर पुसल्यावर साफसफाईचं काम आरसीयूची मुदत उलटल्यावर वर्कक्यूकडे दिलं जातं. केकॉव्ह ज्या टास्कने नोंद सुरू केली त्याचेच पत्ते घेतो, आणि केवर्कर हा दुसराच टास्क.

दुसऱ्या टास्कमधलं कव्हरेज घेण्याची सोय केकॉव्हमध्ये ५.५ आवृत्तीपासून आहे. तिला दूरस्थ कव्हरेज म्हणतात. पण त्यासाठी कर्नलच्या कोडमध्ये सुरुवात आणि शेवट अशा खुणा घालाव्या लागतात आणि काम देणाऱ्याची ओळख कामासोबत पुढे न्यावी लागते. यूएसबी आणि व्हीहोस्टसारख्या भागांत अशा खुणा आहेत. आम्ही नेट/शेडमध्ये त्या घालण्याचा विचार करून सोडून दिला. साफसफाई होईपर्यंत मूळ कॉल कधीच संपलेला असतो, पुढचा प्रोग्रामही सुरू झालेला असू शकतो. मग मिळालेला सिग्नल कुणाच्या खात्यावर टाकायचा?

अशा फंक्शनांची यादी बनवून अहवालाशेजारी ठेवली: चालतात पण दिसत नाहीत. केसॅनची तपासणी केवर्करमध्येही चालतेच, त्यामुळे मोकळी केलेली मेमरी वापरल्याची चूक तिथे झाली तर पकडली जाते. फझरला तिकडे जाण्याचं बक्षीस मात्र मिळत नाही. क्रॅशना गाळणी लागत नाही हेही इथेच सांगतो. लक्ष्याबाहेर कर्नल कोसळला तरी त्याची नोंद होते आणि व्हायलाच हवी.

तेरावा दिवस: नवा कर्नल, जुने पत्ते

मधल्या काळात पत्त्यांची फाइल वापरून पाहिली होती. चौथ्या दिवशीचे डळमळीत पत्ते वजा करून उरलेले तेवढे द्यायचे, असा बेत. काम छान झालं, पण एक पॅच लावून कर्नल पुन्हा बिल्ड केल्यावर सगळे पत्ते सरकले. फाइल तशीच वाचली गेली असती तर गाळणी भलत्याच कोडवर बसली असती, कारण आकड्याकडे पाहून तो जुना की नवा हे कुणालाच ओळखता येत नाही. आता पत्त्यांच्या फाइलीच्या नावात व्हीएमलिनक्सचा बिल्ड आयडी घालतो. रीडएल्फला नोट्स दाखवायला सांगितलं की तो मिळतो. मॅनेजर सुरू करणारी स्क्रिप्ट दोन्ही जुळवून पाहते आणि जुळले नाहीत तर थांबते. फाइलींची आणि फंक्शनांची एक्स्प्रेशनं नव्या बिल्डवरही टिकतात, म्हणून शक्य तिथे तीच वापरावीत.

जुना सिझकॉलर वापरणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. तिथे गाळणी बिटांच्या नकाशात ठेवलेली असे आणि दर १६ बाइटमागे एक बिट. त्यामुळे हद्दीवरचा शेजारी ब्लॉक कधी कधी सोबत आत येई. एखाददुसरा परका पत्ता दिसला तर एक्स्प्रेशन मोडून काढू नका.

चौदावा ते सोळावा दिवस: आकडे मांडणं

कव्हरेजची टक्केवारी सांगायची वेळ आली तेव्हा छेदावरून बराच खल झाला. गाळणी बदलली की छेद बदलतो. नेट/शेडपुरती टक्केवारी आणि वाट धरून काढलेली टक्केवारी शेजारी ठेवली तर दुसरी कामगिरी वेगळी दिसते, फझिंग तेच असूनही. म्हणून ठरवलं की तुलना एकाच अहवाल-गाळणीवर करायची, मग चालवताना गाळणी कुठलीही असो. कच्चं कव्हरेज गाळलं जात नाही, त्यामुळे हे जमतं. मॅनेजरच्या 'रॉकव्हर' पानावरून पत्ते उतरवून ठेवायचे आणि सिझ-कव्हर या साधनाने हवा तो अहवाल नंतर काढायचा. त्याला तोच कॉन्फिग आणि तोच व्हीएमलिनक्स लागतो.

सोळाव्या दिवशी आधाराची पुन्हा चालवलेली रात्र आणि वजनांची रात्र एकाच छेदावर मांडली. नेट/शेडमधल्या कुठल्या फाइली वजनांमुळे पुढे गेल्या ते फाइलवार दिसलं, आणि दोन फाइली गाळणीशिवायच जास्त भरल्या होत्या हेही दिसलं. दोन्ही क्लासिफायरच्या, दोन्हींना आधी बीपीएफ किंवा कंट्रोल ग्रुपची तयारी लागते. ती तयारी करणारे कॉल आमच्या 'एनेबल_सिस्कॉल्स'च्या यादीत नव्हते. यादीत ते घालून, कॉर्पस.डीबीची कॉपी घेऊन, मॅनेजर पुन्हा सुरू केला आहे.